मतदानाचं वय १६ करावं का?

धागाकर्ती:
करावं, असं मला मनापासून वाटतं. निवडणूक दर पाच वर्षांनी होत असेल आणि मतदानाच्या दिवशी एखादी मुलगी अठराला आठवडाभर कमी पडली, तर तिचं पहिलं मत थेट तेविशीच्या तोंडावर पडतं. मधल्या काळात शिक्षणाचा खर्च, परीक्षा, नोकऱ्यांचे नियम असं सगळं तिला न विचारता ठरून जातं. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये संसदेची मुदत चारवरून पाच वर्षं केली, तेव्हा त्याच सुधारणेत मतदानाचं वयही १६ वर आणलं. मुदत वाढवायची तर दार लवकर उघडा, हे मला न्याय्य वाटतं.

प्रतिसाद १:
असहमत. हा हिशेब कुठल्याही वयाला लागू होतो. सोळा केलंत तर आठवड्याने हुकलेला एकविसाव्या वर्षी मत देईल, मग चौदा मागणार? अमेरिकेने १९७१ मध्ये २१ चं १८ केलं, त्यामागे व्हिएतनाम युद्ध होतं. अठराव्या वर्षी सक्तीने लष्करात धाडता, मग मत का नाही, हा प्रश्न होता. तिथे ओझं आधी आलं, हक्क मागून. ज्याची करारावरची सही पुरेशी धरली जात नाही, त्याने कायदे करणारे निवडायचे?

प्रतिसाद २:
ओझ्याचाच निकष लावला, तर सत्तरीच्या माणसालाही कोणी युद्धावर पाठवत नाही. त्याचं मत काढून घ्यायचं का?
राहिली समज. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाच्या आसपास बरीचशी प्रौढांइतकी होते. भावनेच्या भरात स्वतःला आवरणं मात्र उशिरा जमतं, पार विशीत. मत हे पहिल्या प्रकारातलं काम आहे, विचाराला कित्येक आठवडे मिळतात. आणि 'घरचे सांगतील तिकडे शिक्का मारतील' हा आक्षेप बायकांच्या मताधिकारावरही घेतला गेला होता. गुप्त मतदान असतं कशासाठी?

प्रतिसाद ३:
मी या वयाच्या मुलांना शिकवते. त्यांच्या अकलेबद्दल मला शंका नाही, तरीही माझा विरोध आहे. प्रचार आता फोनवर येतो, आणि तो शांत डोक्यासाठी बनवलेलाच नसतो. शिवाय आज वर्गात मुलं चुकीचं, टोकाचं, अर्धवट काहीही बोलू शकतात, कारण त्यांच्या मताची कोणाला गरज नाही. उद्या ती मतदार झाली की पक्ष शाळेच्या फाटकाशी उभे राहतील. ती मोकळीक गेली तर परत आणता येणार नाही.

धागाकर्ती:
शाळेबद्दलची भीती मला पटते, ती माझ्या डोक्यात आली नव्हती. पण त्यावर प्रचाराला आवर घाला, मुलांचा हक्क का अडवायचा? ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून १६-१७ वर्षांच्यांना मतदान ऐच्छिक आहे, सक्ती अठरापासून. ज्याला तयार वाटतं, त्याने यावं.

प्रतिसाद ३:
ऐच्छिक असेल तर विचार करेन. पण आधी शाळेत प्रचारबंदी, तीही कागदावरची नाही. वयाचं त्यानंतर बोलू.