मुली, आदिवासी, दिव्यांग घेतले की गुणवत्ता जाते का? (जळगाव एमआयडीसी)

पाइपवाली_ताई: कालची पोस्ट वाचून डोक्यात तिडीक गेली. म्हणे कंपन्या मुली, आदिवासी आणि दिव्यांगांना मुद्दाम घेतात, हे मागच्या दाराचं आरक्षण. अहो, खाजगी कंपनीला आरक्षण लागूच नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातले ४ टक्के सरकारी नोकऱ्यांसाठी आहेत; आपल्याला फक्त समान संधीचं धोरण करायला सांगितलंय. राहिली गुणवत्ता. धडगावची एक पावरा आदिवासी मुलगी, आयटीआय फिटर, आमच्याकडे मुलाखतीला आली. साहेबांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला लावलं. ती गप्प. शेरा पडला, ‘कॉन्फिडन्स नाही’. मी तिला खाली शॉपवर नेलं, हातात व्हर्नियर दिला. तिने पाइपाची जाडी मोजली, जबडे पुसले, पाइप फिरवून पुन्हा मोजली. जुने ऑपरेटरही एवढं करत नाहीत. हिला नापास कशावर करत होतो आपण?

अवधान_शिफ्ट: एका मुलीवरून धोरण ठरत नसतं, ताई. माझा पुतण्या डिप्लोमा फर्स्ट क्लास, घरी बसलाय. त्याला तोंडावर सांगितलं, या खेपेला मुलीच घ्यायच्यात. त्याचा गुन्हा काय, माले एवढंच सांगा.

गिरणाकाठ: मुलगी घ्या नाहीतर मुलगा, मस्टर ठेकेदाराचंच! स्थानिकांना ८० टक्के हे सरकारी धोरण ऐकत आमची पिढी म्हातारी झाली. दर काही महिन्यांनी नोकरीत ब्रेक, पुन्हा ठेकेदाराचं नवीन कार्ड. आधी माणसं कायम करा, मग समावेशाच्या गप्पा मारा.

अवधान_शिफ्ट: हे बाकी खरं. पुतण्यालाही नंतर ठेकेदाराकडेच ये म्हणाले.

धरणगावकरीण: ठेकेदारीचं वेगळा धागा काढून बोला, भाऊ. सेकंड शिफ्ट रात्री ११ ला सुटते, आमच्या गावाची शेवटची एसटी तोवर गेलेली असते. पोरगा कोणाच्या तरी गाडीवर डबलसीट जातो, पोरगी नोकरी सोडते. वर ऐकायचं, ‘मुली टिकत नाहीत’.

चटईवाले_नाना: माझं लहान युनिट आहे. वीजबिलातच जीव जातो. आता बस लावू? उद्या पाळणाघर मागाल.

धरणगावकरीण: पाळणाघर ५० माणसं असली तर, प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलं ते. तुमच्याकडे तेवढी आहेत का? नाहीत, मग घाबरता कशाला? पण बाईला रात्री कामाला ठेवायचं तर तिची ने-आण मालकानेच बघायची. लाइनीतल्या चार युनिटांनी मिळून एक क्रूझर लावा. आणि संडासाचं कोणीच का बोलत नाही? मी होते तिथे लेडीज टॉयलेटला कुलूप, चावी ऑफिसातल्या शिपायाकडे. दर वेळी सगळ्यांसमोरून जाऊन मागायची. पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या. मे महिन्यात, जळगावच्या उन्हात! एक चक्कर येऊन पडली, तर सुपरवायझर म्हणतो, ‘नाजूक आहेत’.

चटईवाले_नाना: माझ्याकडे कुलूप नाही, उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका. क्रूझरचं शेजारच्यांना विचारून बघतो. डिझेल वाटून घेतलं तर जमेल कदाचित.

अवधान_शिफ्ट: गाडी लावा, कुलूप काढा, माझी ना नाही. पण जागा आधीच मुलींसाठी ठरवून ठेवणं मला पटत नाही, पटणारही नाही.

पाइपवाली_ताई: आजवर त्या जागा मुलांसाठी ठरलेल्याच होत्या, भाऊ, फक्त कोणी लिहून ठेवलं नव्हतं. पुतण्याला पाठवा. परीक्षा मशीनवर होईल, प्रश्न मराठीत नाहीतर अहिराणीत विचारू.

गिरणाकाठ: पाठवा जरूर. पण कार्ड कंपनीचं मिळणार की ठेकेदाराचं, ते ताईंनी अजून सांगितलं नाही.