आशाताईंच्या कामाची किंमत : नफा मोजायचा की परिणाम?

कोयनाकाठ :

गेल्या महिन्यात गावी होतो. चुलतभावाच्या सुनेला बाळंत होऊन चौदा दिवस झाले होते. भर दुपारी आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, आल्या. आधी साबणाने हात धुतले, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन घेतलं, ताप बघितला, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजले. बाळ नीट ओढत नव्हतं, तर सुनेच्या मागे बसून तिचा हात धरून बाळाला अंगावर कसं धरायचं ते दाखवलं. चाळीस मिनिटं सहज गेली. निघताना मी विचारलं, या फेरीचे किती मिळतात? "फेरीचे नाही दादा, सगळ्या फेऱ्या मिळून अडीचशे." बाळ दवाखान्यात जन्मलं तर सहा फेऱ्या, घरी जन्मलं तर सात. म्हणजे एका फेरीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.

हे काम किरकोळ नाही, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमधल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे केंद्र सरकारने याच धर्तीवरचं काम आशांच्या हाती दिलं. त्यातूनच ही अडीचशे रुपयांची योजना आली.

माझं म्हणणं असं. आपण 'मोठा माणूस' म्हणतो तेव्हा मनात पैसा असतो. सोयरीक बघताना, सत्काराला कुणाला बोलवायचं ठरवताना, मुलांपुढे उदाहरण ठेवताना. हे माप चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं. एखाद्यामुळे किती जणांचं आयुष्य सावरलं, यावरून त्याची किंमत ठरावी. नफ्यावरून नको. तुम्हाला काय वाटतं?

जमाखर्च :

आशाताईंबद्दल आदर आहे, त्यांना पैसे वाढवून मिळावेत हेही मान्य. पण धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. बाजारात ठरते ती त्या कामाची किंमत, माणसाची लायकी नव्हे. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते हिऱ्यापेक्षा स्वस्त असतं, कारण ते मुबलक असतं. त्यावरून कुणी पाण्याला कमी लेखत नाही.

दुसरं, नफा म्हणजे काय? कुणावर जबरदस्ती न करता लोकांनी आपल्या खिशातून पैसे दिले आणि खर्च वजा जाता काही उरलं. म्हणजे ती वस्तू लोकांना हवी होती. आशाताई बाळांना ज्या लसीकरणाला बोलावतात, तिथल्या लशी नफ्यात चालणाऱ्या कंपन्याही बनवतात. पुण्याच्या सीरमने आफ्रिकेसाठी मेनिंजायटिस-ए ची (मेंदूज्वराच्या एका प्रकाराची) लस २०१० मध्ये डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत दिली. तिथे नफा आणि परिणाम हातात हात घालून आले की नाही?

आणि परिणाम मोजणार कोण? बाजारात निदान लाखो लोक ठरवतात. तुमच्या पद्धतीत एक समिती ठरवेल. मग समितीला जे दिसतं तेवढंच 'सामाजिक' होईल.

सोनकी :

जमाखर्च, मेनिंजायटिसच्या लशीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. आधी आफ्रिकी देशांनी सांगितलं की अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त किंमत आम्हाला परवडणार नाही, मग त्या किमतीत बसेल अशी लस तयार केली. त्यामागे जागतिक आरोग्य संघटना होती, 'पाथ' ही आरोग्यावर काम करणारी संस्था होती, देणगीचा पैसा होता. नुसत्या नफ्याच्या हिशेबाने मोठ्या कंपन्या त्या रोगाकडे वळतच नव्हत्या. गरज आधी मोजली गेली म्हणून ती लस झाली.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. २०२० मध्ये इथे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन नर्सेससाठी टाळ्या वाजवत होते. भारतात २२ मार्चला संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, त्याच दिवसांतली गोष्ट. मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. पुढच्या मार्चमध्ये सरकारने त्याच नर्सेसना एक टक्का पगारवाढ सुचवली. बरीच ओरड झाल्यावर ती तीन टक्के झाली. माझी शेजारीण वॉर्डात काम करते. एक टक्क्याची बातमी आली त्या दिवशी ती जिन्यात बसून राहिली होती, मी तिच्याशेजारी बसले, आम्ही दोघी काही बोललो नाही.

इथल्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या अभ्याससंस्थेने २००९ मध्ये हिशेब मांडला होता, की रुग्णालयातल्या सफाई कामगाराला दिलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला दहा पौंडांहून जास्त लाभ होतो आणि लंडनच्या बड्या बँकरला दिलेल्या पौंडामागे सात पौंडांचं नुकसान. आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण असा हिशेब मांडता येतो एवढं तर कळलं. कोयनाकाठ यांना माझा पूर्ण पाठिंबा.

जमाखर्च :

सोनकीताई, लशीचा मुद्दा मान्य, गरज आधी ठरली होती. पण अंदाजाने धरलेल्या गृहीतकांवर उभा हिशेब मला पटत नाही. सफाई कामगाराचे दहा पौंड कसे काढले? संसर्ग किती टळले, त्याचं श्रेय झाडूला किती, डॉक्टरला किती, हे कुणीतरी टेबलाशी बसून वाटून दिलं असणार.

पायपीट :

मी २००९ पासून आशा आहे. मोबाइलवर टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. पहिल्यांदाच इथे लिहितेय.

कोयनाकाठ दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. पण 'परिणामावरून किंमत' म्हणताय ना, ते आम्ही भोगलंय. आमचा मोबदला तसाच बांधलाय. ग्रामीण भागात दवाखान्यात बाळंतपण केलं तर ६००, त्यातले तीनशे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, तीनशे बाळंतपणाचे. नवजात बाळाच्या भेटींचे २५०. प्रत्येक कामाला वेगळा आकडा. आणि २०११ मध्ये भेटींची योजना आली तेव्हा त्या अडीचशेच्या अटी होत्या. वजनाची नोंद हवी, लस हवी, जन्माची नोंद हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप हवीत.

शेवटची अट नीट वाचा.

२०१३ ला माझ्याकडे एक बाळ होतं, एक किलो सहाशे ग्रॅमचं. आई सतरा-अठराची असेल. तिसऱ्या दिवशी जायचं असतं, मी रोज जात होते. दोनदा दिवसातून. छातीशी बांधून ठेवायला शिकवलं, वाटी-चमच्याने दूध पाजलं, सासूला समजावलं. आठव्या दिवशी ते गार पडायला लागलं. गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो, तिथून पुढे पाठवलं, आणि नवव्या दिवशी पहाटे ते गेलं.

त्या महिन्याच्या क्लेम फॉर्ममध्ये त्या बाळाची ओळ मी भरली नाही. भरून काही मिळणार नव्हतं. अडीचशे रुपयांचं दुःख नव्हतं हो. पण मी सगळ्यात जास्त काम ज्या बाळासाठी केलं, त्याच्यासाठी कागदावर मी काहीच केलं नव्हतं.

परिणाम फक्त माझ्या हातात नाही. रस्ता आहे, गाडी आहे, आईचं रक्त (हिमोग्लोबिन) सात ग्रॅम आहे, तिचं लग्न कोणत्या वयात झालं ते आहे. परिणामावर माझी किंमत ठरवाल तर डोंगरातली आशा कायम कमी किमतीची आणि हायवेलगतची जास्त किमतीची. काम मात्र डोंगरात दुप्पट.

उंबरठा :

पायपीटताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मला याहून पुढचं म्हणायचंय. धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, आता एकोणचाळीस वर्षांचा आहे. बोलत नाही, स्वतः जेवू शकत नाही. आई होती तोवर आई करायची, आता मी आणि माझी बायको करतो. नफ्याच्या मापाने तो शून्य. आणि कोयनाकाठ, तुमच्या मापानेही शून्य, कदाचित उणे, कारण त्याच्यामुळे दोन कमावत्या माणसांचा वेळ जातो. कुणी म्हणेल की त्याच्यामुळे तुम्ही चांगली माणसं झालात, हाच त्याचा परिणाम. हे मला अनेकांनी ऐकवलंय आणि दर वेळी राग येतो. तो आम्हाला सुधारण्यासाठी जन्माला आलेला नाही.

कामाला मोबदला किती द्यायचा यावर खुशाल भांडा. माणसाच्या किमतीचं माप मात्र नफ्याच्या हातून काढून दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

आणि माझ्या बायकोच्या कामाचं म्हणाल तर सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आलंय, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषाची ८८. आमच्या घरी फरक इतका नाही, पण आहे. ही मिनिटं मोजली हे चांगलंच झालं. ती मोजल्यामुळे मला माझीच लाज वाटली, आणि संध्याकाळची अंघोळ-जेवण मी माझ्याकडे घेतलं.

कोयनाकाठ :

उंबरठा, माफ करा. 'किंमत' हा शब्द मी विचार न करता वापरला. तुमच्या भावासमोर बसून मला तो वापरता आला नसता. शीर्षकातही तो आहे, तो तसाच राहू देतो, म्हणजे तुमचा प्रतिसाद कशाला होता ते कळेल.

पायपीटताई, तुमच्यामुळे मला माझं म्हणणं बदलावं लागतंय. परिणाम बघावा, पण कशासाठी? कोणतं काम समाजाला अत्यावश्यक आहे, कशावर पैसा घालायचा, हे ठरवण्यासाठी. गडचिरोलीच्या ६२ टक्क्यांनी हे काम करायलाच हवं असं सिद्ध केलं. ते शेकडो बाळांचं मिळून उत्तर होतं. तोच हिशेब तोडून एकेका बाळामागे एकेका बाईच्या गळ्यात बांधला, तिथे चूक झाली. ठरलेलं काम, ठरलेला पगार, एवढंच हवं.

तरी नफ्याबद्दलचं मत बदललेलं नाही. हे काम नफ्यावर सोडलं असतं तर त्या डोंगरात कुणीच गेलं नसतं.

जमाखर्च :

मी बाजाराच्या बाजूने लिहीत होतो, पण पायपीटताईंची गोष्ट वाचल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. नगावर मजुरी ही पद्धत मी गिरणीत पाहिली आहे, वडील मागावर होते. खराब सूत आलं की धागा तुटायचा, आणि पैसे वडिलांचे कापले जायचे. सूत मालक आणायचा. तुमच्या अडीचशे रुपयांत मला तेच दिसलं. हा बाजार नव्हे. कारण इथे गिऱ्हाईक एकच, सरकार, आणि भाव ठरवणारंही तेच. वर कर्मचारी म्हणायचं नाही, 'स्वयंसेविका' म्हणायचं, म्हणजे किमान वेतन लागू होत नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा त्यांच्या बाजूने निकाल आला.

पण माझे दोन प्रश्न उरतात. पगार कुठून येणार? शेवटी कर भरणाऱ्या, म्हणजे नफा आणि पगार कमावणाऱ्या माणसांकडूनच. नफ्याला शिव्या देऊन हे पैसे उभे राहणार नाहीत. दुसरा, सगळ्यांना सारखा पगार झाला की जी आशा घरीच बसून रजिस्टर भरते तिचं काय? आत्ता निदान काम केलं तर पैसे, एवढं तरी आहे.

सोनकी :

पहिल्या प्रश्नावर माझं उत्तर असं, की कर भरणारा माणूससुद्धा कुणाच्या तरी बिनपगारी किंवा अर्ध्या पगाराच्या कामावर उभा असतो. तो आधी स्वतःच्या जिवावर कमावतो आणि मग दान करतो, असं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पायपीटताईच देऊ शकतील.

पायपीट :

उशीर झाला, काल लसीकरणाचं सत्र होतं.

संपाचं आधी सांगते, कारण पैसे कुठून येणार असं विचारलंय. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांना पुरस्कार दिला. आमच्याकडे पेढे वाटले. मग २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही संपावर गेलो, हिवाळ्यात आझाद मैदानात जाऊन बसलो. मी अकरा दिवस होते, घरी मुलगा दहावीला. मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली, नोव्हेंबरपासूनची. म्हणजे पैसे होते. बसल्याशिवाय निघाले नाहीत.

आता घरी बसून रजिस्टर भरणारीचं. आहेत अशा, मी खोटं बोलणार नाही. पण 'काम केलं तर पैसे' यानेच त्या तयार झाल्यात. पैसे मिळतात ते रकाना भरल्याचे. रकान्यात नसलेलं काम, म्हणजे नवरा मारतो म्हणून रात्री माझ्याकडे आलेली पोरगी, किंवा गोळ्या सोडून दिलेला टीबीचा म्हातारा, ज्याच्याशी नुसतं बोलत बसावं लागतं, ते करायचं की नाही हे जिचं तिच्यावर.

काम कोण करतं हे कळायला अवघड नाही. आमच्या गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंकडे बावीस आशा आहेत. त्या चार घरं फिरल्या, बाळंतिणीला विचारलं की आशा कधी आली होती, श्वास मोजले का, तर दहा मिनिटांत सगळं कळतं. त्यांना ते करायला वेळ हवा. आत्ता त्यांचा महिना बावीस जणींचे फॉर्म गोळा करून अपलोड करण्यात जातो, आणि त्यासुद्धा कायम नाहीत. आधी त्यांना कायम करा, गाडीखर्च द्या, आणि मग माझं काम तपासायला कोणत्याही दिवशी पाठवा. न सांगता पाठवा, चालेल.