मदत हवी आहे: अमेरिकेत टेन्युअर ट्रॅकवर रुजू होण्याआधी ऑफर लेटरमध्ये काय तपासावे?

चौकस_प्राणी
अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठाकडून असिस्टंट प्रोफेसरची ऑफर आहे. विषय जीवशास्त्र, टेन्युअर ट्रॅक (म्हणजे प्रोबेशननंतर टेन्युअर, कायम नेमणूक, मिळू शकते असे पद). आधीची दोन वर्षांची पूर्णवेळ व्हिजिटिंग नोकरी 'क्रेडिट' म्हणून, म्हणजे प्रोबेशनच्या वर्षांत, धरायची का, असे डीनच्या ऑफिसने विचारले आहे. ते घ्यावे का? सहाव्या वर्षी नक्की कोण काय ठरवते? नकार आला तर पुढे काय? आणि एच-१बी व्हिसाचा यात कुठे संबंध येतो? जाणकारांनी कृपया सांगावे.

तळटीप
क्रेडिट शक्यतो घेऊ नका. आधी टेन्युअरच्या घड्याळाचा, म्हणजे प्रोबेशनच्या वर्षांचा, हिशेब बघा. प्रोबेशन जास्तीत जास्त सात वर्षांचे असावे आणि ते संपण्याच्या किमान एक वर्ष आधी निर्णय कळवावा, असे एएयूपी या प्राध्यापक संघटनेचे १९४० चे निवेदन सांगते. बहुतेक विद्यापीठांची नियमावली त्यावरच बेतलेली आहे. म्हणून निर्णय सहाव्या वर्षी होतो. फाइल त्या वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावी लागते आणि बाहेरच्या तज्ज्ञांना अभिप्राय मागणारी पत्रे त्याआधीच्या उन्हाळ्यात जातात. म्हणजे कामाला मिळतात पाचच वर्षे. त्यातले पहिले वर्ष प्रयोगशाळा उभारण्यात, माणसे घेण्यात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवानग्यांत जाते. दोन वर्षांचे क्रेडिट घेतलेत की उरली तीन.

दुसरीकडची पूर्णवेळ सेवा मोजावी असे त्या निवेदनातही आहे, पण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हा वाटाघाटीचा विषय असतो. तुम्हाला विचारले आहे, त्याअर्थी तिथेही असावा. मुदतीआधी अर्ज करायची मुभा असेल तर क्रेडिटचा फायदाच उरत नाही. फक्त लवकरचा अर्ज नाकारला गेला तर पुन्हा करता येतो का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी एकच संधी असते. घेतलेच क्रेडिट, तर त्या दोन वर्षांतले पेपर फाइलमध्ये धरले जातील हे लेखी घ्या.

मूल झाले किंवा मोठे आजारपण आले तर घड्याळ थांबवता येते, बहुधा एका वेळी एक वर्ष. ते आपोआप थांबते की अर्ज करावा लागतो, आणि अर्जाची मुदत काय, हे नियमावलीत बघा.

शाई_संपली
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. फाइलमध्ये सीव्ही, संशोधन-अध्यापन-सेवा यांवरची निवेदने, निवडक पेपर आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय असतात. आधी विभागातले टेन्युअर मिळालेले प्राध्यापक मतदान करतात आणि चेअर (विभागप्रमुख) स्वतंत्र पत्र देतात. मग कॉलेजची समिती, डीन, प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे मुख्य शैक्षणिक अधिकारी), प्रेसिडेंट. शेवटचा शिक्का विद्यापीठाच्या नियामक बोर्डाचा. प्रोव्होस्ट विभागाचा निर्णय फिरवू शकतात, विशेषतः मते फुटलेली असतील तर.

पण संशोधनप्रधान विद्यापीठात घोडे अडते ते बाहेरच्या पत्रांवर. पत्र लिहिणारा 'आर्म्स लेंग्थ' (हितसंबंध नसलेला) लागतो. गाइड, पोस्टडॉकचे बॉस, सहलेखक कुणीच चालत नाहीत. जीवशास्त्रात इथेच गोची होते: तीस-चाळीस लेखकांच्या एखाद्या पेपरवर नाव असले की आपल्या क्षेत्रातली निम्मी मंडळी बाद. काही नावे तुम्ही सुचवता, काही विभाग निवडतो, आणि काही ठिकाणी कोणी लिहायला नकार दिला याचीही नोंद फाइलमध्ये राहते. विनंतीपत्रात बरेचदा थेट विचारलेले असते: तुमच्या संस्थेत यांना टेन्युअर मिळाले असते का? त्याला बगल देणारे गुळमुळीत पत्र समितीला बरोबर कळते. त्यामुळे पहिल्या वर्षापासून परिषदांमध्ये सहलेखक नसलेल्या ज्येष्ठांना आपले काम माहीत करून द्या. त्यांच्या विभागात व्याख्यान द्यायला गेलात तरी ते सहलेखक ठरत नाहीत.

तिसऱ्या वर्षीच्या रिव्ह्यूचे पत्र हलक्यात घेऊ नका. 'स्वतंत्र फंडिंग दिसायला हवे' असे त्यात असेल, तर सहाव्या वर्षी तेच वाक्य समोर ठेवून फाइल वाचली जाते. केवळ पदवीचे शिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजांत मात्र भर अध्यापनावर असतो.

कलम_बहाद्दर
नकार आला तर सातवे वर्ष 'टर्मिनल इयर': पगार चालू, नोकरी शोधायची. अपील बहुधा प्रक्रियेपुरते. मुदती पाळल्या नाहीत, भेदभाव झाला, फाइल नीट वाचलीच नाही, असे मुद्दे चालतात; 'माझे काम चांगले आहे' हा मुद्दा सहसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या रॉथ खटल्यात सांगितले की ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरच्या, टेन्युअर नसलेल्या प्राध्यापकाला नूतनीकरणाचा हक्क नुसत्या अपेक्षेवर सांगता येत नाही. उलट टेन्युअर मिळाले म्हणजे अढळपद असेही नाही. गंभीर गैरवर्तन, आर्थिक संकट किंवा अख्खा अभ्यासक्रम बंद होणे, यांत तेही जाते. राज्य विद्यापीठ असल्याने त्या राज्याचा कायदा वाचा. विस्कॉन्सिनने २०१५ मध्ये टेन्युअरचे संरक्षण राज्याच्या कायद्यातूनच काढून टाकले आणि ते बोर्डाच्या धोरणावर सोडले.

व्हिसाचे: एच-१बीची मर्यादा सहा वर्षे आणि टेन्युअरचा निकालही सहाव्या वर्षी, त्यामुळे ग्रीन कार्डसाठी निकालाची वाट बघू नका. अध्यापनाच्या पदाला लेबर सर्टिफिकेशनची (ग्रीन कार्डआधी कामगार खात्याकडून घ्यायच्या मंजुरीची) वेगळी वाट आहे. तिथे निवड झालेला उमेदवार सर्वांत पात्र होता एवढे विद्यापीठाने दाखवायचे. नेहमीच्या वाटेत कुणी किमान पात्र अमेरिकन मिळाला तरी अर्ज अडतो. मात्र हा अर्ज निवड झाल्यापासून १८ महिन्यांत गेला पाहिजे. १८ महिने रुजू झाल्यापासून नव्हे, निवडीपासून, आणि एचआर हे हमखास विसरते. मुदत चुकली की जाहिरातीपासून पुन्हा सुरुवात.

दुसरा रस्ता ईबी-१बी, हा नामवंत प्राध्यापक-संशोधकांसाठीचा ग्रीन कार्डचा वर्ग. त्याला लेबर सर्टिफिकेशन लागत नाही, टेन्युअर ट्रॅकचे पद चालते, पण अध्यापन किंवा संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या कामाचे पुरावे लागतात. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी विद्यापीठाने केलेला अर्ज) मंजूर असेल आणि ग्रीन कार्डच्या भारतीयांच्या रांगेमुळे नंबर लागलेला नसेल, तर सहा वर्षांनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढते.

चौकस_प्राणी
सर्वांचे आभार. क्रेडिट नको असे कळवतो. सही करण्याआधी पत्रात आणखी काय लिहून घेऊ?

तळटीप
अनिवार्य रिव्ह्यूचे शैक्षणिक वर्ष आकड्यात. स्टार्टअपची (प्रयोगशाळा उभारण्यासाठी विद्यापीठ देते ती) रक्कम किती वर्षांत खर्च करायची ते. पहिल्या दोन वर्षांत किती कोर्स शिकवायचे ते. आणि टेन्युअर कुठल्या विभागात मिळणार ते, नेमणूक दोन विभागांत विभागलेली असेल तर हे आधी. मतदान कोण करणार हे त्यावरून ठरते.