मदत हवी आहे : 'कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली' यातला गंगू नक्की कोण?

नमस्कार मंडळी,

मी आठवीला मराठी शिकवते. म्हणी फळ्यावर लिहून दिल्या होत्या. वह्या तपासायला आल्या, तर एका मुलाच्या वहीत 'कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली' ही ओळ खोडरबराने इतकी घासलेली, की कागदाला भोक पडायचंच बाकी होतं. विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "बाई, आमचा घाणा होता. आजोबा म्हणतात, ही म्हण लिहायची नाही." तेव्हापासून या म्हणीने माझी झोप उडवली आहे.

सगळीकडे सांगितली जाते ती व्युत्पत्ती अशी : गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव, तेली म्हणजे तैलंग, म्हणजे कल्याणीचा चालुक्य. धारच्या परमार भोजाने दोघांना हरवलं आणि लोकांच्या तोंडी 'गांगेय-तैलंग'चं 'गंगू तेली' झालं. मुलाला हेच सांगून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. तेल्यांचा या म्हणीशी संबंधच नाही म्हटलं की त्याची मान वर होईल. पण खरं असल्याशिवाय सांगू कशी?

खोलात गेले तसं ते पटेना. भोजाने गांगेयाला हरवल्याचा उल्लेख धारला शिळेवर कोरलेल्या 'पारिजातमंजरी' नाटकात आहे खरा, पण ते तेराव्या शतकातलं, भोजाच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी रचलेलं. उलट १०२८ च्या कुलेनूर शिलालेखात चालुक्य जयसिंहाने चोळ, गांगेय आणि भोज यांच्या हत्तींच्या दळांना पिटाळलं असं आहे, म्हणजे त्या वेळी गांगेय भोजाच्याच बाजूने लढत होता! तेली म्हणजे चालुक्य राजा तैलप म्हणावा, तर भोजाच्या काकाला, मुंजाला, मारणारा तैलप भोज गादीवर येण्याआधीच वारलेला. आणि मुख्य म्हणजे, म्हणीत थोर आणि सामान्य यांची तुलना आहे. भोजाशी मैदानात झुंजलेल्या राजांना सामान्य कोण म्हणेल?

मला खरी ओढ लागली आहे ती दुसऱ्याच धाग्याची. आपल्याकडे गंगू हे बाईचं नाव आहे, ठकू-सखूसारखं. माझी आजी तर 'कुठे गंगा तेलीण' असंच म्हणायची. धारला लाट मशिदीपाशी (दिलावरखानाने १४०५ मध्ये बांधलेली) लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. स्थानिक लोक सांगतात, ही गांगली तेलिणीच्या तराजूची दांडी. इकडे पन्हाळ्यावर सांगतात, की किल्ल्याचं बांधकाम टिकेना म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला. तिथला राजाही भोजच, पण शिलाहार घराण्यातला, परमार भोजाच्या मागून शंभराहून अधिक वर्षांनी झालेला. दोन वेगळे भोज, दोन्हीकडे तेलीण! पन्हाळ्याची कथा मुळाशी असेल, तर म्हण हिणवण्याची नाहीच मुळी; जिचा जीव गेला तिच्यावरच्या अन्यायाची आठवण आहे. माझा कल इकडे आहे, पण पुरावा हातात नाही.

जाणकारांनो, सांगा :

ही म्हण मराठीत लिखित स्वरूपात सर्वांत आधी कुठे सापडते? जुनी पोथी, बखर, पत्र, काहीही चालेल.

कल्याणीच्या चालुक्यांना समकालीन लेखांत 'तैलंग' म्हटलेलं कुणी वाचलंय का? नसेल, तर ती व्युत्पत्ती तिथेच कोसळते असं मला वाटतं.

तुमच्या घरी 'तेली' म्हणत की 'तेलीण'? कोणत्या भागातले तेही लिहा.

तेली समाजातल्या वडीलधाऱ्यांकडून गंगू तेलिणीची गोष्ट ऐकली असेल, तर ती जशीच्या तशी लिहा. मला सगळ्यात जास्त तीच हवी आहे.

वही अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी परत द्यायची आहे.