मदत हवी आहे: एकधारी जेम रेझर गळ्यावर चावतो

रेझर जुना जेम मायक्रोमॅटिक, ब्लेड टेफ्लॉन लेप असलेलं स्टेनलेस. पातं दुधारी ब्लेडच्या दुपटीहून जाड, म्हणून थरथरत नाही. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवून केसांच्या दिशेने हात फिरवला की गाल झकास होतात. गळ्यावर मात्र केसांच्या उलट दिशेने फिरवला की आग होते, तीही डावीकडेच जास्त. पात्याची धार दोन्ही कोपऱ्यांतल्या खुंट्यांना नीट टेकलेली दिसते. मग खुंटी झिजली असेल की पातं दाबून धरणाऱ्या झाकणाचा दाब एकीकडे कमी पडतोय? हे तपासायचं कसं?

दुसरं, गळ्यासाठी वेगळा आर्टिस्ट क्लब रेझर (लांबट एकधारी पात्यांचा प्रकार) घ्यावा का? त्याची पाती जेममध्ये बसत नाहीत. त्यात पाती कोणती, फेदर कंपनीची प्रोगार्ड की काई (Kai) कंपनीची कॅप्टन? रंग खरवडायची बिनलेपाची ब्लेडं कृपया सुचवू नका.