क्लासपाथ आधी हाताने, की पहिल्याच दिवशी मेव्हन?

सावनी_क
मी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना जावा शिकवते. सर्व्हलेटचा (वेब सर्व्हरवर चालणाऱ्या जावा क्लासचा) पहिला प्रोग्रॅम आला की प्रत्येक बॅचमध्ये तीच एरर येते: ‘पॅकेज जावाएक्स.सर्व्हलेट डझ नॉट एक्झिस्ट’. त्यामागोमाग ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ची रांग. मुलं नेटवर शोधतात, कुठलं तरी जुनं उत्तर सापडतं आणि त्यात सांगितल्याप्रमाणे विंडोजमध्ये क्लासपाथ (जावाने क्लास कुठे शोधायचे त्या जागांची यादी) नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तयार करून जारचा, म्हणजे लायब्ररीच्या फाइलचा, पत्ता चिकटवतात. सर्व्हलेट कंपाइल होतो. दुसऱ्या दिवशी साधा हॅलो वर्ल्ड चालत नाही. ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास.’

असं का होतं, हे एकालाही सांगता येत नाही, आणि मला खुपतं ते हेच. क्लासपाथ दिलेला नसेल तर जावा चालू फोल्डरमध्ये शोधतो. व्हेरिएबल सेट केलं की तो फक्त त्यात लिहिलेल्या जागा पाहतो; चालू फोल्डर हवा असेल तर टिंब स्वतः लिहावं लागतं. एका प्रोग्रॅमसाठी केलेली सोय अशी मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रॅमना भोवते.

म्हणून माझं ठाम मत: क्लासपाथचं व्हेरिएबल कधीच सेट करू नये, आणि मेव्हन (जार आपोआप आणून प्रोजेक्ट बांधणारं टूल) किंवा एक्लिप्ससारखा एडिटर हातात देण्याआधी मुलांकडून निदान काही आठवडे कमांडवर ‘-सीपी’ लावून क्लासपाथ लिहून घ्यावा. ‘-सीपी’ त्या एका कमांडपुरतं असतं आणि व्हेरिएबल असलं तरी त्याच्यावर मात करतं. तुम्हाला काय वाटतं?

यशोधन_आर
व्हेरिएबलबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याबद्दल अजिबात नाही.

आमच्याकडे फ्रेशर येतात, त्यातले बरेच घरातले पहिले इंजिनिअर. त्यांनी ‘-सीपी’मध्ये विंडोजवर सेमीकोलन आणि लिनक्सवर कोलन पाठ केलेला असतो, पण पॉम फाइल (मेव्हनला काय हवं ते जिथे लिहितात ती) कधी उघडलेली नसते. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा छोटासा प्रोजेक्टसुद्धा डझनावारी जार ओढतो, आणि त्या प्रत्येक जारला पुन्हा स्वतःच्या जार लागतात. हे हाताने कोण लिहितं? मेव्हनला ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन सांगा, बाकीचं तो मेव्हन सेंट्रल या नेटवरच्या साठ्यातून आणतो. मेव्हन १.० येऊन गेलं २००४ मध्ये. इतक्या वर्षांनंतरही मुलांना जार डाउनलोड करून फोल्डरात टाकायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ घेणं आहे. सुरुवातीच्या दिवसांत ज्याचा प्रोग्रॅम चालत नाही, तो मुलगा जावा सोडतो. मला त्याची काळजी जास्त आहे.

तुंगभद्रा
दोघांचंही एका ठिकाणी चुकतंय असं मला वाटतं. तुम्ही ‘जार कुठे आहे’ यावर बोलताय. मी सपोर्टला आहे, माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये जार बऱ्याचदा जागेवरच असते, पण तिच्यात ते पॅकेज नसतं!

सावनीताईंचंच उदाहरण घ्या. सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. टॉमकॅट ९ च्या लिब फोल्डरमधल्या सर्व्हलेट-एपीआय जारमध्ये जावाएक्स.सर्व्हलेट आहे. टॉमकॅट १० मध्ये त्याच नावाची फाइल, त्याच फोल्डरात, पण आत जकार्ता.सर्व्हलेट. मुलगा पाथ दहा वेळा तपासेल, तो बरोबरच असेल, आणि एरर तशीच राहील. स्प्रिंग बूट ३ मध्येही जावाएक्सचं जकार्ता झालं, आणि त्यावर जाताना लोकांची हीच दमछाक झाली.

दुसरी नेहमीची केस: जावा ८ वर नीट चालणारा कोड ११ वर नेला की ‘पॅकेज जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड डझ नॉट एक्झिस्ट’. क्लासपाथला कुणी हातही लावलेला नसतो. २०१८ मध्ये जावा ११ मधून ती लायब्ररीच काढून टाकली, आता ती वेगळी आणावी लागते.

माझ्या मते सगळ्यात आधी जारमधल्या फाइलींची यादी दाखवणारी ‘जार टीएफ’ कमांड शिकवा. जारच्या आत काय आहे ते डोळ्यांनी बघा, मग पाथ आणि मेव्हन.

सावनी_क
तुंगभद्रा, हे पटलं. ‘जार टीएफ’ मी पहिल्या तासाला घेईन.

यशोधन, पण याच मुद्द्यावर मेव्हन अपुरा पडतो. पॉममध्ये चुकीचं व्हर्जन लिहिलं तर तोही तीच एरर दाखवणार. ‘पॅकेज म्हणजे फोल्डरची वाट, आणि कंपायलर ती वाट क्लासपाथमधल्या प्रत्येक जागेपासून चालून बघतो’ हे ज्याला माहीत आहे, त्याला कुठे बघायचं ते कळतं. बाकीचे पॉममध्ये आणखी एक डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) चिकटवतात.

गोदाकाठ_लॅब
लॅब सांभाळणारा म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आमच्याकडे नेट प्रॉक्सीमागे आहे आणि दुपारी रडतं. मेव्हन पहिल्यांदा चालवला की प्लगिनसकट सगळं डाउनलोड करायला जातो, अर्धं प्रॅक्टिकल तिथेच संपतं. लिब फोल्डरात ठेवलेली जार मात्र नेट नसतानाही चालते. सावनी मॅडमना माझा पाठिंबा.

एक भर: मुलं कंपाइल करणाऱ्या ‘जावासी’ला ‘-सीपी’ देतात आणि चालवणाऱ्या ‘जावा’ कमांडला द्यायचं विसरतात. कंपाइल होतं, चालवताना ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’. आणि ‘लिब/*’ लिहिताना टिंब विसरलं की स्वतःचाच क्लास सापडत नाही. तो तारा त्या फोल्डरातल्या जारपुरताच असतो, पोटातल्या फोल्डरांत उतरत नाही, हेही सांगावं लागतं.

यशोधन_आर
गोदाकाठ, त्यावर उपाय आहे. एका मशीनवर सगळं एकदा उतरवा, होम डिरेक्टरीतला एमटू फोल्डर (मेव्हनने उतरवलेलं सगळं तिथे असतं) बाकीच्या मशीनवर कॉपी करा आणि मेव्हन ‘-ओ’ लावून चालवा, नेटला हात लागत नाही. लॅबचं नेट हे जुन्या पद्धतीने शिकवण्याचं कारण होऊ नये.

तुम्ही सांगितलेली चूक मेव्हनमध्ये होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे निदान स्कोप म्हणून लिहावं लागतं: ही जार कंपाइलला हवी, चालवताना सर्व्हर देईल. सर्व्हलेट-एपीआयला ‘प्रोव्हायडेड’ का लिहायचं, हे समजावताना कंपाइल आणि रन यांतला फरक आपोआप शिकवला जातो. हाताने करणारी मुलं ती जार वेब अ‍ॅपच्या वेब-इन्फ फोल्डरातल्या लिबमध्ये टाकतात, आणि टॉमकॅट ती लोडच करत नाही.

सावनी_क
स्कोपचा मुद्दा चांगला आहे, मी वापरेन. पण एक सांगा. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स क्लासपाथवर आली तर आधी सापडलेला क्लास घेतला जातो. ‘लिब/*’ लिहिलं तर त्यांचा क्रम काय असेल याची हमी नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही’ अशा कितीतरी तक्रारी इथून येतात. ज्याने क्रम कधी स्वतः लिहिलेला नाही, त्याला हे सुचणार कसं?

यशोधन_आर
‘डिपेंडन्सी:ट्री’ चालवून. कुठली जार कोणामुळे आली ते झाडासारखं समोर येतं. आणि तुम्हाला पाथच दाखवायचा असेल तर ‘डिपेंडन्सी:बिल्ड-क्लासपाथ’ चालवा, मेव्हन अख्खा क्लासपाथ छापून देतो. पहिल्या दिवशी मेव्हन द्या, दुसऱ्या दिवशी ती लांबलचक ओळ दाखवा आणि एकेक जार वाचून घ्या. मुलांचा प्रोग्रॅम तोवर चाललेला असेल.

सावनी_क
ती कमांड दाखवेन, नक्की. पण क्रम उलटाच ठेवणार. आधी दोन जार, दोन पॅकेज, स्वतः लिहिलेली एक ‘-सीपी’. मग तुमची ती लांब ओळ. स्वतः एक लिहिलेली असली तरच ती वाचता येते.

तुंगभद्रा
कुठल्याही क्रमाने शिकवा, पण मुलांनी मदत मागताना एररचा स्क्रीनशॉट एकटा पाठवू नये एवढं शिकवा. सोबत जावाचं व्हर्जन, टॉमकॅटचं व्हर्जन आणि चालवलेली पूर्ण कमांड हवी. त्याशिवाय आम्हाला काहीच सांगता येत नाही.