फोकस पळवणाऱ्या खिडक्या: सूचनेत थोडी भर
टाइप करताना मध्येच उघडलेली खिडकी फोकस पळवते, म्हणजे आपण टाइप केलेलं तिच्यात जाऊ लागतं; म्हणून टाइप करताना नवी खिडकी पुढे येताच कामा नये, ही आधी कुणी केलेली सूचना पटते; पण सरसकट लागू केली तर पंचाईत होईल. आपणच फाइलवर डबल क्लिक केलं असेल, तर खिडकी पुढे यायलाच हवी.

केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या डेस्कटॉपात यावर सोय आहे: सिस्टीम सेटिंग्ज, विंडो मॅनेजमेंट, विंडो बिहेवियर, तिथे फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन (फोकस पळवण्याला आळा). 'लो'वरून 'मीडियम' करून पाहा. 'एक्स्ट्रीम'च्या वाटेला जाऊ नका, मग प्रत्येक खिडकी हातानेच पुढे आणावी लागते.

खरा घोळ मात्र डीफॉल्ट, म्हणजे आधीच निवडलेल्या, बटणाचा. वाक्य लिहिता लिहिता 'आता रीस्टार्ट करू?' असा चौकोन उगवतो, बोट नेमकं स्पेसबारवर असतं, आणि तो स्पेस 'हो' म्हणून मोजला जातो. प्रश्न वाचायलाही मिळत नाही! तेव्हा न मागता आलेल्या अशा चौकोनाची (डायलॉगची) बटणं पहिला एक सेकंद बंदच ठेवावीत. फायरफॉक्स ब्राउझर अ‍ॅड-ऑनची परवानगी विचारताना बटणं अशीच क्षणभर बंद ठेवतो. शिवाय डीफॉल्ट बटण 'नंतर' हेच असावं. रीस्टार्ट लांबला तर बिघडत नाही, न साठवलेली फाइल मात्र परत येत नाही.